नमुना पाठवा

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव गेनू. सासूच्या तीन म्हशी राखायच्या आणि सासूची बोलणी खायची, एवढंच त्याचं काम. सासू तान्हाबाई येता-जाता म्हणे, "काय नमुना पदरात पडलाय!" त्यामुळे गावात त्याला कोणी गेनू म्हणतच नसे. सगळे नमुनाच म्हणत.

एक दिवस थोरल्या म्हशीचा गळा सुजला आणि दिवस मावळायच्या आत ती मेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घटसर्प आहे. गेनूने घरातले सगळे घडे फोडून पाहिले. साप निघाला नाही.

बाईंनी समजावलं की घटसर्प हा साप नव्हे, रोग आहे आणि तो जंतूमुळे होतो. लस टोचूनही म्हैस मेली, म्हणजे हा जंतू नव्या वाणाचा दिसतो. त्याची जनुकं तपासली, तर उरलेल्या दोन म्हशींना लागू पडेल असं औषध ठरवता येईल.

"उद्या नमुना पाठवा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गेनू अंघोळ करून, टोपी घालून दवाखान्यात गेला आणि टेबलावर आडवा झाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. नमुना म्हणजे म्हशीचं रक्त, त्या म्हणाल्या. मधल्या म्हशीला आता ताप भरला होता. तिचं रक्त काढायला त्यांनी माणूस दिला आणि बजावलं, "इथे जे आणाल ते बर्फात घालून आणा. आणि सासूबाईंनाही आणा. चार गोष्टी विचारायच्या आहेत."

गेनूने रक्ताची बाटली बर्फात घातली. सासूलाही घातलं. मासळीवाल्याचं मोठं खोकं आणून तिला आत बसवलं आणि गळ्यापर्यंत बर्फ ओतला. डॉक्टरीणबाईंचा हुकूम म्हटल्यावर तीही मुकाट्याने बसली.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिची दातखीळ बसली होती. बाई गेनूवर संतापल्या. गार पडलेल्याला ऊब द्यायची असते, शेकायचं असतं, गुळाचा काढा पाजायचा असतो, एवढंही कळत नाही का?

गेनूने नीट लक्षात ठेवलं.

सासू कुडकुडत होती, म्हणून रक्ताचा डबा घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत गेनूच निघाला. एस.टी.त त्याने डब्याला हात लावून पाहिला. डबा गार पडला होता. पुढच्या थांब्यावर त्याने तो भजीवाल्याच्या चुलीवर शेकला, बाटलीचं झाकण काढलं आणि आत गुळाचा काढा पाजला.

प्रयोगशाळेतल्या पाटणकर साहेबांनी बाटली उजेडात धरली. जंतू दिसायच्या आधी मुंग्या दिसल्या. तरी ते शांतपणे म्हणाले, "जंतूच्या आत चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर असतो. त्यातल्या काही ओळी जनावराचा जीव घेतात. त्या सापडल्या की औषध ठरतं. जंतू एकदा नीट वाचला, की म्हशी वाचल्याच समजा."

गेनू वाटभर विचार करत होता. जंतू कोणी वाचतं का? वाचायचं ते वर्तमानपत्र. म्हणजे जंतू जगला पाहिजे.

दुसरा नमुना तान्हाबाई स्वतःच घेऊन गेली. जीव घेणाऱ्या ओळी सापडल्या. औषध ठरलं. बाईंनी ते घरी आणून दिलं आणि सांगितलं, दोन्ही म्हशींना पाजा, जंतू मरेल.

तान्हाबाईची कंबर बर्फाने धरली होती. ती लेकीला घेऊन बहिणीकडे शेकून घ्यायला निघाली. जाताना म्हणाली, "जावईबापू, घर त्या दोन म्हशींवर चालतं. काहीही करा, पण त्या वाचल्या पाहिजेत. कळलं?"

"कळलं, मामी."

गेनूने औषध उकिरड्यावर ओतलं. जंतूला ऊब मिळावी म्हणून तापलेल्या म्हशीवर घोंगडी टाकली. त्याला एकट्याला करमायचं नाही, म्हणून धाकटी म्हैसही तिला खेटून बांधली.

तान्हाबाई परतली, तेव्हा गोठ्यात दोन्ही म्हशी पाय ताणून पडल्या होत्या. ती मटकन खाली बसली. गेनू हसतमुखाने पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"रडू नका, मामी," तो म्हणाला. "म्हशी गेल्या, पण जंतू वाचला."