टिकलीच्या घुंगरातला मणी

एक होतं करडू. काळं काळं, कुळकुळीत. कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकलीच्या गळ्यात घुंगरू. घुंगरात एकच मणी. टिकली उडी मारायची, टुण टुण टुण. मणी वाजायचा, किण किण किण. मग पवळी म्हणायची, "हं, आली माझी टिकली."

पवळी म्हणजे टिकलीची आई.

एकदा काय झालं, टिकलीनं दगडावरून उडी मारली. अशी मारली, अशी मारली, की घुंगरातला मणी उडाला.

टप.

टिप.

टुप.

मणी गेला खडकाच्या फटीत.

टिकलीनं मान हलवली. घुंगरू गप्प. परत हलवली. तरी गप्प.

पवळी वर टेकडीवर चरत होती. टेकडीवर गवत उंच. पवळीनं हाक मारली, "टिकले, कुठं आहेस गं?"

टिकली म्हणाली, "बें."

पण "बें" तर सगळीच करडं म्हणतात. इकडून बें. तिकडून बें. उंच गवतात कपाळ दिसेना, सगळी काळी काळी. पवळी गोंधळली. भलत्याच करडाजवळ गेली आणि त्यालाच चाटायला लागली.

टिकलीनं खालून ते पाहिलं.

ती फटीपाशी गेली. फटीच्या तोंडाशी होता एक खेकडा. त्याच्या नांग्या वाजत होत्या. कट कट कट.

टिकली म्हणाली,

"खेकडेदादा, खेकडेदादा, मणी दे.
घुंगरात मणी नाही.
आईला मी सापडू कशी?"

खेकडा म्हणाला, "मणी दिसतोय मला. पण माझं अंग सुकलंय. नांगी वळत नाही, नुसती वाजते, कट कट. आधी पाणी आण. मग मणी देतो."

टिकली निघाली. टुण टुण टुण.

विहिरीवर होती सुंदराकाकू. काठावर पोहरा. पोहऱ्यातून पाणी गळत होतं. टिप टिप टिप.

टिकलीनं तोंड उघडलं. काय बरं म्हणायचं होतं? किट किट? कुट कुट?

"काकू, तो किट किट मणी देत नाही," ती म्हणाली.

"किट किट कोण गं?"

"तो, नांग्यावाला."

"खेकडा होय. तो तर कट कट करतो. तोंड उघड चांगलं. म्हण, कट."

"कट," टिकली म्हणाली. मग तिला सगळं आठवलं.

"काकू, काकू, पाणी दे.
कट कट खेकडा मणी देईना.
घुंगरात मणी नाही.
आईला मी सापडू कशी?"

काकू म्हणाली, "दिलं असतं गं. पण माझा दोर तुटलाय. पोहऱ्यात थेंबच उरलेत, टिप टिप. आधी दोर आण. मग पाणी देते."

टिकली निघाली. टुण टुण टुण. विसरू नये म्हणून घोकत घोकत गेली. टिप टिप काकू. टिप टिप काकू. वाटेत लागली ठेच. टिप टिपचं झालं टप टप. पुढं आला खड्डा. टप टपचं झालं टुप टुप.

चिंचेखाली होता बुधामामा. तो दोर वळायचा. दोर वळायचं त्याचं चाक होतं लाकडाचं. चाक फिरायचं आणि अडायचं. कुर कुर कुर.

टिकली म्हणाली, "मामा, टुप टुप काकू पाणी देत नाही."

मामा विचारात पडला. "टुप टुप काकू? आपल्या गावात नाही बुवा कुणी टुप टुप काकू."

"विहिरीवर आहे ना."

"अगं, ती सुंदरा. तिचा पोहरा टिप टिप करतो. ओठ ताण जरा, हसल्यासारखे. म्हण, टिप."

"टिप," टिकली म्हणाली. ओठ ताणले की आपोआप टिप येत होतं.

"मामा, मामा, दोर दे.
टिप टिप काकू पाणी देईना.
कट कट खेकडा मणी देईना.
घुंगरात मणी नाही.
आईला मी सापडू कशी?"

मामा म्हणाला, "देतो की. पण चाकाला तेल नाही. बघ कसं अडतंय, कुर कुर. आधी तेल आण. मग दोर देतो."

टिकली निघाली. टुण टुण टुण.

तेलाचा घाणा होता भागूआजीचा. बैल गोल गोल फिरत होता. घाणा मोठ्यानं वाजत होता. कर कर कर. इतक्या मोठ्यानं, की टिकलीच्या कानात तेच शिरलं.

"आजी, कर कर मामा दोर देत नाही."

"कर कर तर माझा घाणा," आजी म्हणाली.

"मग किर किर मामा."

"किर किर तर रातकिडा करतो."

टिकली रडकुंडीला आली. "मग माझा मामा कोणता?"

आजीनं बैल थांबवला. टिकलीला जवळ घेतलं. "चाक आहे का त्याच्याकडं? दोर वळतो का? मग तो बुधा. त्याचं चाक कुर कुर करतं. ओठांचा चंबू कर. गरम भाकरीवर फुंकर घालतात ना, तसा. म्हण, कुर."

टिकलीनं चंबू केला. "कुर."

"आता म्हण सगळं."

"आजी, आजी, तेल दे.
कुर कुर मामा दोर देईना.
टिप टिप काकू पाणी देईना.
कट कट खेकडा मणी देईना.
घुंगरात मणी नाही.
आईला मी सापडू कशी?"

आजी म्हणाली, "तेल कुठून देऊ, बाळा? घाण्यात तीळच नाहीत. रिकामा फिरतोय, म्हणून वाजतोय, कर कर. आधी तीळ आण. मग तेल देते."

टिकली निघाली. टुण टुण टुण. आता ठेच लागली नाही. खड्डा आला नाही. तरी तिच्या डोक्यात सगळं फिरत होतं. कर, किर, कुर. टप, टिप, टुप.

शेतात होती फुलामावशी. तिच्यापुढं तिळाच्या वाळलेल्या पेंढ्या. वारा आला की बोंडं वाजायची. खुळ खुळ खुळ. आत तीळच तीळ.

टिकली थांबली. डोळे मिटले. तोंड उघडलं: कर. चंबू केला: कुर. ओठ ताणले: टिप. परत तोंड उघडलं: कट. मग एका दमात म्हणाली,

"मावशी, मावशी, तीळ दे.
कर कर आजी तेल देईना.
कुर कुर मामा दोर देईना.
टिप टिप काकू पाणी देईना.
कट कट खेकडा मणी देईना.
घुंगरात मणी नाही.
आईला मी सापडू कशी?"

एकही चूक नाही. पण मावशीला ऐकूच आलं नाही. कारण तिच्या कडेवर होती उमी. उमी म्हणजे तिचं तान्हं बाळ. उमी रडत होती. टँहँ टँहँ टँहँ.

मावशी म्हणाली, "तीळ हवेत ना? तुझ्या तोंडाकडं बघून कळलं मला. पण ही खाली उतरत नाही. पेंढी झाडायची तर दोन हात हवेत. आधी उमीला हसव. मग तीळ देते."

टिकली उमीपुढं उभी राहिली.

"उमीताई, उमीताई, हास ना.
खुळ खुळ मावशी तीळ देईना.
कर कर आजी तेल देईना.
कुर कुर मामा दोर देईना.
टिप टिप काकू पाणी देईना.
कट कट खेकडा मणी देईना.
घुंगरात मणी नाही.
आईला मी सापडू कशी?"

उमी आणखी मोठ्यानं रडली. टँहँ टँहँ टँहँ.

तेवढ्यात लांबून हाक आली. पवळीची हाक. "टिकले, कुठं आहेस गं?" हाक टेकडीच्या पलीकडे चालली होती. बारीक बारीक होत होती.

टिकली घाबरली. घाईघाईनं परत म्हणायला गेली. आणि सगळं एकमेकांत मिसळलं.

"खुळ खुळ खेकडा. कट कट काकू. टिप टिप मामा. नाही, नाही. कुर कुर आजी. कर कर मावशी. छे, कुट कुट..."

उमी रडायची थांबली. गालावर थेंब तसाच होता.

टिकलीला वाटलं, चुकलं आपलं. तिनं नीट म्हटलं, "कट कट खेकडा."

उमीनं ओठ काढले.

"किट किट खेकडा?"

उमीनं टिकलीकडं पाहिलं.

"कुट कुट खेकडा?"

उमी हसली. खुदकन.

"टुप टुप काकू? कर कर मामा? किर किर आजी?"

उमी खिदळायला लागली. पाय झाडायला लागली. टिकलीला काही कळेना. बरोबर म्हटलं की ही रडते. चुकलं की हसते. असं कसं? पण ती चुकत राहिली. टप टप, टिप टिप, टुप टुप.

उमी कडेवरून उतरली. गवतात बसली. टिकलीचा कान धरून हसत राहिली.

मावशीचे दोन्ही हात मोकळे झाले.

मावशीनं पेंढी झाडली. खुळ खुळ खुळ. तीळ पडले. तिळाची पुडी टिकलीच्या गळ्यात बांधली.

टिकली पळाली. टुण टुण टुण.

आजीनं तीळ घाण्यात घातले. कर कर थांबलं. तेलाची धार लागली. तेलाची बुधली टिकलीच्या गळ्यात बांधली.

टिकली पळाली. टुण टुण टुण.

मामानं चाकाला तेल घातलं. कुर कुर थांबलं. चाक फिरलं, भिर भिर भिर. दोर झाला. मामानं दोराचं वेटोळं टिकलीच्या गळ्यात घातलं.

टिकली पळाली. टुण टुण टुण.

काकूनं पोहऱ्याला दोर बांधला. पोहरा विहिरीत गेला, बुड बुड बुड. वर आला तो भरून. काकूनं कळशी भरली. कळशी कडेवर घेतली आणि म्हणाली, "चल, कुठं आहे तुझा खेकडा?"

आता दोघी निघाल्या. पुढं टिकली, मागं काकू.

काकूनं फटीत पाणी ओतलं. खेकडा भिजला. त्यानं एक नांगी वळवली. दुसरी वळवली. आत गेला. बराच वेळ आला नाही. टिकलीनं फटीला नाक लावलं.

खेकडा आला बाहेर. त्याच्या नांगीत मणी.

"घे," खेकडा म्हणाला.

काकूनं मणी घुंगरात घातला. घुंगराचं तोंड दगडानं हळूच चेपलं. "हलव बघू मान," ती म्हणाली.

टिकली हलवेना. तिला भीती वाटली. घुंगरू कसं वाजायचं, तेच तिला आठवेना. कण कण? कुण कुण? आणि भलतंच वाजलं तर? आई यायचीच नाही.

"हलव गं," काकू म्हणाली. "त्याला माहीत आहे."

टिकलीनं मान हलवली.

किण.

आणखी हलवली.

किण किण किण.

टेकडीपलीकडे पवळीनं कान टवकारले. भलतं करडू तिथंच राहिलं. पवळी धावत खाली आली. गवतातून आली, दगडांवरून आली, काकूला धडकली आणि टिकलीपाशी थांबली. टिकलीचं कपाळ चाटलं. कान चाटले. नाक चाटलं.

"कुठं होतीस इतका वेळ?" पवळीनं विचारलं.

टिकली सांगायला लागली. "अगं, तो कुट कुट होता ना. त्याला टुप टुप हवं होतं. मग किर किर मामा, मग खिळ खिळ..."

"मला काही कळत नाही," पवळी म्हणाली.

"मलाही नाही कळत," टिकली म्हणाली.

काकू हसली. कळशी घेऊन घरी गेली. खेकडा फटीत गेला.

टिकली आईच्या पोटाखाली शिरली. दूध प्यायला लागली. लुच लुच लुच. अधूनमधून घुंगरू वाजत होतं. पवळी चरत नव्हती, हलत नव्हती. नुसती ऐकत उभी होती.

टिकलीला मिळाली आई,
गोष्टीला नाही घाई.
गोष्ट बसली दारी,
आता तुम्ही सांगा बरी.