पांढऱ्या पिशवीची पाहुणी

एकदा काय झालं, एका टेकडीवर इवलंसं राज्य होतं. तिथला राजा इतका साधा, की गाईचं दूधही स्वतःच काढायचा. त्याची लेक जाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना भरत आला होता. हसता काय, तुम्हीही असेच आलात.

बाळंतिणीची खोली सारवून झाली. सकाळी राणी गोधडी घेऊन आत गेली आणि जागीच थिजली. भिंतीवर कोळी. साधासुधा नाही, बरं का. माझ्या पंजाएवढा. आठ लांब पाय पसरलेले, आणि पोटाशी एक पांढरी, चपटी, गोल पिशवी. असला कोळी त्या राज्यात कुणी कधी पाहिलाच नव्हता. राणीच्या हातातून गोधडी गळून पडली.

त्या काळी सगळे प्राणी बोलायचे. आणि घरात परकं कुणी आलं, की आधी विचारायचं, कुठले, कुणाचे. मग राजाने हात जोडून विचारलं, "पाहुणे, आपण कुठले?" कोळी गप्प. "कुणाकडे आलात?" तरी गप्प. तिसऱ्यांदा राजाचा आवाज चढला. "नाव तरी सांगाल?" कोळ्याने नुसता एक पाय हलवला. मग मात्र राजा दोन पावलं मागे सरला. साधं नाव सांगत नाही, म्हणजे याच्या मनात काय असेल?

मग सोनार आला. तो म्हणाला, "पिशवीत चांदी दडवलीय. चोर आहे हा."

मग वैद्य आला. त्याने उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं आणि तो घामाघूम झाला. "महाराज, ती विषाची पिशवी. काठी मारलीत तर फुटेल, विष घरभर उडेल. लेकीला आजच सासरी पोचवा."

सासर दोन दिवसांच्या वाटेवर. वाटेत घाट, घाटात दगडच दगड. अशा वाटेने दिवस भरलेली पोर बैलगाडीतून न्यायची, म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. जाईचा चेहरा पांढराफटक पडला. राजा रडला. हो, राजेही रडतात. पण गाडी दाराशी जुंपली आणि जाईला तीत बसवलं.

तेवढ्यात तिसरी आली ती गिरजाक्का सुईण. राजाची नाळही तिनेच कापली होती. ती तडक आत गेली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. एक माशी कोळ्याच्या तोंडासमोरून चालत गेली. कोळी तिला शिवलासुद्धा नाही.

"अरे राजा, ही बाई आहे," गिरजाक्का म्हणाली. "विष कसलं, पिशवीत पोरं आहेत तिची. पिशवी तोंडात धरलीय. बोलायला तोंड उघडलं तर पोरं खाली पडतील. समोरची माशी खात नाही बघ. उपाशी आहे बिचारी."

राजाने कपाळावर हात मारला. तीन वेळा त्याने तिला तोंड उघडायला सांगितलं होतं.

जाई गाडीतून उतरली. "आबा, तीही बाळंतपणालाच आलीय. तिला नसेल माहेर. आम्ही दोघी इथेच राहू."

मग बैल सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी जाईला मुलगी झाली. आणि ऐका, त्याच वेळी भिंतीवरची पिशवी उसवली. आतून मोहरीएवढी पिल्लं निघाली. शंभर, दोनशे, भिंत भरली तरी निघतच होती. राणीने किंचाळायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाळ नुकतं झोपलं होतं ना. मग एकेक पिल्लू धागा सोडून, वाऱ्यावर बसून खिडकीबाहेर गेलं.

राजा चाचरत पुढे झाला. "बाई, आता तरी सांगाल, आपण कोण?"

कोळीण अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आधी काहीतरी खायला द्या."

राणीने डिंकाचा लाडू ठेवला. कोळीण त्याच्याकडे बघेना. मग राजा स्वतः कोठीत गेला आणि एक भलंमोठं झुरळ मिशीला धरून घेऊन आला. तोंड दुसरीकडे वळवलेलं. पण त्याने ते तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "सावकाश खा गं. बाळंतीण आहेस." नाव विचारायचं तो विसरूनच गेला.

मग राजाराणी, जाई, तिची लेक आणि कोळीण, सगळी एका छपराखाली सुखाने नांदली. आता पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा. भिंतीकडे काय बघताय? तिथे कुणी दिसलंच, तर चप्पल उचलू नका. सकाळी मला दाखवा.