काउंटर वाढवा!

एका तालुक्याच्या गावात वसंतशेठ शिरोड्यांचं किराणा दुकान होतं. त्याचं बघता बघता सुपरमार्केट झालं. केवढं? तीन मजले, चौदा काउंटर आणि एकशे दहा माणसं कामाला! मिठापासून मिक्सरपर्यंत सगळं एका छपराखाली. आजूबाजूची वीस गावं तिथेच सामान भरायची.

काउंटरवर देखरेख होती हौसाबाई ठोंबऱ्यांची. दुकान एका खोलीत होतं, तेव्हापासूनची ही बाई. काउंटरवरच्या चौदाही पोरी तिच्या हाताखाली तयार झालेल्या. कुणाचं लेकरू आजारी, कुणाची बस उशिरा येते, सगळं बाईंना तोंडपाठ. त्याप्रमाणे त्या पाळ्या लावत.

पण बाकीची माणसं काही टिकेनात. आज एक आला की उद्या दोन गेले. शेठजी टेकीला आले आणि त्यांनी शहरातून निरंजन सबनीस नावाचे साहेब आणले. साहेब हुशार, शिकलेले, पण भारी उतावळे. 'इथे जो तो प्रश्न विचारत बसतो, म्हणून कामं रखडतात,' हे त्यांनी दोन दिवसांत ठरवूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला: 'सूचना मिळताच पाळावी. उलट प्रश्न विचारू नये.' झालं! माणसं मुकाट्यानं वागायला लागली.

गौरी यायच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ काउंटर चालू होते. उरलेल्या सहा पोरी वर माल लावत होत्या. रांग पार जिन्यापर्यंत गेली. साहेबांनी माईक घेतला आणि ते ओरडले, "हौसाबाई, काउंटर वाढवा! ताबडतोब!"

आता गंमत अशी, की शिरोड्यांच्या दुकानात 'बंद' हा शब्द कुणी उच्चारत नसे. अशुभ! दुकान बंद करायचं तर 'दुकान वाढवा' म्हणायचं, ही शेठजींच्या वडिलांपासूनची रीत. साहेबांना ती कुठून ठाऊक? त्यांना आणखी काउंटर सुरू करून हवे होते.

हौसाबाई चमकल्या. एवढ्या गर्दीत वाढवायचे? विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भिंतीवरचा कागद दिसला. गप्पकन तोंड मिटून त्या पोरींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "वाढवा गं."

आठही काउंटर बंद!

अहो, काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! गिऱ्हाइकं ओरडायला लागली, पोरं रडायला लागली. साहेबांचा पारा चढला. माईक हातातच होता. "अक्कल गहाण टाकलीत का? कुठल्या मूर्ख पोरींनी काउंटर बंद केले? नावं द्या, आजच घरी पाठवतो!"

तिन्ही मजल्यांनी ते ऐकलं. पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाव एकच लिहा, माझं," हौसाबाई म्हणाल्या. "पोरींनी माझं ऐकलं." मग त्यांनी पदर खोचला. "चला गं, रडायचं नंतर. आधी गिऱ्हाईक!" वरच्या सहा जणींना हाक गेली आणि चौदाच्या चौदा काउंटर सुरू झाले. दीड तासात जिना मोकळा झाला.

तेव्हा कुठे बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. गळ्यातलं कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि झालं ते सांगितलं. शेठजी तिथेच होते. त्यांनी कपाळावर हात मारला आणि साहेबांना 'वाढवा'चा अर्थ सांगितला.

साहेबांचा चेहरा उतरला. माणूस मनाचा वाईट नव्हता. "हौसाबाई, चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "झालं गेलं विसरून जा."

"साहेब, बोल लावलात माईकवरून आणि माफी दार लावून?" बाईंचा आवाज चढला नाही, पण मान ताठ होती. "माझ्या पोरींना मूर्ख म्हटलेलं त्यांच्या शेजारणींनी ऐकलंय. माफीही त्यांना ऐकू जाऊ दे. नाहीतर मी निघाले."

दुसऱ्या दिवशी गौरी. बाई गेल्या, तर त्यांच्यामागे चौदा पोरीही जाणार, हे शेठजींना पक्कं ठाऊक होतं. तरी ते बाईंना 'थांबा' म्हणाले नाहीत. नुसते साहेबांकडे बघत राहिले.

साहेब जड पावलांनी उठले आणि माईकपाशी गेले.

"मी सबनीस बोलतोय. मघाशी मी काउंटरवरच्या मुलींना मूर्ख म्हणालो. चूक त्यांची नव्हती, माझी होती. न विचारता ऐका, हा नियमही माझाच. तो आत्तापासून रद्द. मला माफ करा."

पाचव्या काउंटरवर एका म्हातारीनं विचारलं, "साहेबाला माफी मागायला लावणारं हे कोण गं?"

काउंटरवरची शेवंता ताठ उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या बाई!"

तात्पर्य: चारचौघांत कुणाचा अपमान केलात, तर माफीही चारचौघांत मागा; जिथे मान मिळतो, तिथेच माणसं टिकतात.