काढलेला ब्राउझर

“मग सर, काढला ते बरोबरच केलं ना?”

मृण्मयीला खरं तर उत्तर नको होतं, शाबासकी हवी होती. त्यासाठीच ती एसटीचे धक्के खात गडहिंग्लजच्या पलीकडे सरांच्या घरी आली होती.

‘मोकळीक’ हा संगणकावर घालायच्या मुक्त सॉफ्टवेअरचा संच खानविलकर सरांनी सुरू केलेला. त्यातलं सगळं कुणीही वाचावं, बदलावं, वाटावं. सर थकले तशी ती जबाबदारी मृण्मयीकडे आली, आणि बाई कामाला लागली ती केरसुणी घेऊनच. मध्यंतरी तिनं त्यातला मोठा ब्राउझरच काढून टाकला.

“का काढलास?” सरांनी विचारलं.

“त्याच्या काही फायलींवर वापरायचा-बदलायचा परवानाच लिहिलेला नाही. मुक्त आहेत की नाहीत, कळत नाही.”

“लिहिणाऱ्यांना विचारलंस?”

“एवढा वेळ कुणाला आहे, सर? संशय आला, काढला. लोक चिडले, सोडून गेले. जाऊ देत. तत्त्व म्हणजे तत्त्व.”

त्यानंतर तिला कुणाचा साधा निरोप आला नव्हता. ते मात्र तिनं सांगितलं नाही.



मृण्मयीचं आता कुठे त्यांच्याकडे नीट लक्ष गेलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, पुढ्यात संगणक चालू.

“कुठे निघालात का?”

“छे. रविवार ना आज. या वेळेला नॉर्वेहून लेकीचा, रेवतीचा व्हिडिओ कॉल असायचा. नातवाला मांडीवर घेऊन बसायची.”

“असायचा म्हणजे?”

“त्या ब्राउझरवरच यायचा तो. आता जो छोटा ठेवलायस, त्यात अक्षरं दिसतात. माणसं नाही दिसत.”



“पण फोन आहे ना तुमच्याकडे?”

“आहे की, बटणांचा. रेवती बोलते त्यावर. नातू अजून बोलत नाही, नुसता हसतो.”

“मग बाहेरून आणून घालायचा होता. तुम्हाला कोण अडवणार होतं?”

“मोकळीकमध्ये नाही ते माझ्या मशीनवर नाही. तुला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.”

“मला सांगायचं तरी...”

“मग तत्त्वाकडे नाही, माझ्याकडे बघून ठरवलं असतंस.”

ती उठली. कीबोर्ड ओढत म्हणाली, “थांबा, आत्ता घालून देते.”

सरांनी कीबोर्डवर तळहात ठेवला.

“काढताना संशय पुरला. घालताना दया पुरेल?”

डोळे भरून आले, ते तिनं लपवलेही नाहीत.

मग सरांनी कोपऱ्यातली दुसरी खुर्ची संगणकापाशी ओढली आणि तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

“बस. कुठल्या फायली, दाखव. लिहिणाऱ्या एकेकाला विचारू. वेळ माझ्याकडे आहे.”