पाळण्यावरचे मोहोळ

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. स्वतःला शहाणा म्हणवीत असे. होता की नव्हता ते कळेलच. त्याच्या घराण्याची रीत अशी, की लेकरू बोलू लागले की त्याला प्राणी शिकवायचे. त्यासाठी रानातून प्रत्येक जातीचा एकच जीव आणायचा, आणि तोही सगळ्यांचा म्होरक्या. राजकन्या कुमुदसाठी कळपाची थोरली हत्तीण आणली, थव्यापुढे उडणारा करकोचा आणला, मोहोळातली राणीमाशी सोन्याच्या डबीत आणली. मोहोळाचे झाड तोडले आणि त्याचा धाकट्या बाळराजासाठी पाळणा केला. लाकूड चांगले होते म्हणे!

कुमुद पिंजऱ्यांपुढे उभी राहून म्हणे, "एक हत्ती. एक करकोचा. एक माशी." राजा खूश.

मग रानातली जोगीण दरबारात आली.

"राजा, आम्हा रानातल्यांची फाटाफूट का केलीस?"

"लेकीला शिकवायला."

"काय शिकली?"

"एक हत्ती, एक करकोचा, एक माशी."

"मग तुम्हीही एकेकटेच राहा. माणसाजवळ माणूस टिकणार नाही."

पहारेकरी धावले. जोगीण साळुंकी झाली आणि तुळईवर जाऊन बसली.

त्याच घटकेला सगळ्यांचे पाय आपोआप चालू लागले. दोन माणसे जवळ आली की एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पंगत बसेना, बाजार भरेना. लग्नात नवरा एका वेशीत, नवरी दुसरीत. आणि राणी? पाळण्याशी जाई, बाळाला उचलायला हात घाली, की तिचेच पाय तिला मागे ओढून नेत. बाळ भुकेने रडून रडून घोगरे झाले.

राजा खांबाला धरून ओरडला, "साळुंके, उपाय सांग!"

"आणलेस ते पोचते कर. पण तिथे जागा उरली आहे का, ते आधी बघ."

हत्तीण, करकोचा आणि राणीमाशीची डबी घेऊन राजा एकटाच निघाला; साळुंकी वरून उडत होती. सोबत माणूस कोणता टिकणार? हत्तीण चालता चालता थबकली. पुढे राजाच्याच आमराईचा दगडी कोट, हत्तींच्या जुन्या वाटेवर आडवा बांधलेला.

"पाड," साळुंकी म्हणाली.

"पणजोबांनी बांधलाय!"

"आणि बाळ कोणाचे?"

राजाने पहार घेतली. दोन दगड त्याने हलवले, बाकीचे हत्तिणीने. खिंडारातून कळप आला आणि सोंडेत सोंड गुंतली.

पुढे तळे. करकोचा सोडला, पण थवा वरच घिरट्या घाली. तळ्यावर राजाच्या मुदपाकखान्याची जाळी पसरलेली.

"सणाला करकोचा लागतो," राजा पुटपुटला.

"बाळाला आई लागते."

राजाने जाळी कापली, बोटे रक्ताळली. थवा खाली उतरला.

उरली राणीमाशी. डबी घेऊन राजा झाडाच्या जागी गेला, तर तिथे नुसता बुंधा.

"कुठे सोडू हिला?"

"झाड कुठे आहे?"

राजाचे तोंड उतरले. "त्यात बाळ निजलंय."

"ठाऊक आहे."

"आधी बाळ काढतो."

"काढ की. जवळ टिकलास तर!"

राजा धावतच महालात आला. राणी दालनाच्या दुसऱ्या टोकाला येरझाऱ्या घालीत होती.

"राणीमाशी पाळण्यावरच सोडायचीय. माश्या बाळाला डसतील," राजा म्हणाला.

"उघडा, महाराज," राणी म्हणाली. "त्याचं रडणंसुद्धा थांबलंय."

राजाने डबी उघडली. राणीमाशी पाळण्याच्या काठावर जाऊन बसली. मग खिडक्या काळ्या झाल्या. रानात बेघर फिरणाऱ्या माश्या सगळीकडून आल्या आणि पाळण्याला घोसासारख्या लगडल्या. गुणगुण हळूहळू निवली.

तेव्हा राणीच्या ध्यानात आले, की तिचे पाय थांबले आहेत.

ती पुढे गेली. माश्यांमधून हात घालून तिने बाळ उचलले आणि छातीशी लावले. एकही माशी डसली नाही. डसेल कशाला? तिचे घर तिला मिळाले होते.

पाळणा रानात नेऊन फांदीला बांधला. पिंजरे मोडले. राजाने कुमुदला टेकडीवर नेले आणि लांबूनच रान दाखवले.

"एक हत्ती नाही हो, बाबामहाराज," ती म्हणाली. "कळप आहे! आणि तो थवा. आणि ते मोहोळ."

साळुंकी उडाली, तिच्या साळुंक्यांत मिसळली. त्या राज्यातले पाय ठरले, तसे तुमचेही ठरोत. रानात गेलात तर बघा आणि परत या. काही उचलून आणू नका.