लवंगीची बोंब

एका राज्यात माणसांच्या सावल्या विरत चालल्या होत्या आणि राजाला त्याचे काडीचेही सोयरसुतक नव्हते. ही कथा सांगताना माझे डोके तापते. ऐकणाऱ्याने ते चालवून घ्यावे.

राजाचे नाव वज्रधर. तो दुष्ट असता तर निदान त्याला शिव्या घालून मोकळे होता आले असते. पण तो भला होता. पूर्वी रोज सकाळी तो राजबागेतून मोगऱ्याच्या कळ्या खुडून आणी आणि राणी हेमकलेसाठी आपल्या हाताने गजरा गुंफी. गजरा नेहमी एका अंगाला जाड होई. राणी तोच माळून दरबारात येई. प्रजेचेही असेच चाले. कुंभारीण मडकी वाळत घातली की उंबऱ्यावर बसून सागरगोटे खेळे. नावाडी पैलतीरावर उतारूंची वाट पाहताना चपटे दगड पाण्यावरून उड्या मारत पाठवी. म्हातारे न्यायाधीश जेवणानंतर अडकित्त्याने सुपारी इतकी बारीक कातरत की फुंकर मारली तर उडावी. स्वतः मात्र खात नसत, कारण दात नव्हते. यातले काहीही कोणाच्या उपयोगाचे नव्हते, आणि त्यावरच सगळे राज्य सुखात होते.

मग एके दिवशी कालकंठ नावाचा जादूगार आला. एका बगलेत तांब्याचा हंडा, दुसऱ्या बगलेत काळ्या लाकडाचा पाट. दरबारात पाट मांडून तो त्यावर बसला आणि म्हणाला, "महाराज, आपल्या राज्यात पुष्कळ आनंद फुकट जातो. तो मला द्या. मी त्याचे सोने करून देतो."

राजाने विचारले, "कोणाचे नुकसान?"

"रिकामपणाचे. दुसऱ्या कोणाचे नाही."

राजाने राजदंड उचलला आणि शब्द दिला. अरे, ज्यांचा आनंद त्यांना एकदा विचारायचे तरी! पण नाही. उलट आपण मोठा त्याग करतो आहोत अशा थाटात त्याने सर्वांत आधी स्वतःचा गजरा दिला. हंड्यात खण् झाले आणि सोन्याची वीट निघाली. त्या दिवसापासून राजबागेतला मोगरा झाडावरच सुकू लागला.

कालकंठ घरोघर फिरला. तो हंडा पुढे धरी, माणूस मान खाली घाली, आणि वीट पडे. लोकांनी दिले! हेच मला सोसत नाही. कोणी कपाळाला आठी घातली नाही. "आपले उद्योग ते काय, रिकामटेकडे," असे म्हणत एकेकाने आपापले सुख काढून दिले, जणू इतके दिवस दुसऱ्याचेच जपून ठेवले होते.

एकच गोष्ट त्या हंड्याबाहेर राहिली. कालकंठाने पुरोहिताला विचारले होते, "होळीला तुम्ही लाकडे पळवता, बोंबा मारता. हाही छंदच ना?"

पुरोहित संतापला. "छंद? ती रीत आहे! धर्म आहे!"

त्या राज्यात होळीच्या दिवशी कोणाचेही लाकूड पळवावे आणि मालकाने तक्रार करू नये, असा नियम होता. होळीत पडले ते होळीचे. परत मागायचे नाही. आगीसमोर कोणीही कोणाच्या नावाने बोंब मारावी, अगदी राजाच्याही, आणि त्याने ती उभ्याने ऐकावी. सारे लोक वर्षभर या दिवसाची वाट पाहत आणि त्या दिवशी कानापर्यंत हसत. पण याला सुख म्हणायला त्यांची जीभ कधी वळली नव्हती. कालकंठ परका माणूस. त्याने मान डोलावली आणि पुढे गेला.

हळूहळू सावल्या पातळ झाल्या. सावली पुरती संपली की माणूस होता तिथे दगड होई. न्यायाधीश सर्वांत आधी झाले. त्यांना उचलून भिंतीला टेकवले आणि त्याच गादीवर दुसरा न्यायाधीश बसवला. राज्याच्या कामात खंड पडला नाही, असे राजाला कळवण्यात आले.

उत्तरेच्या वेशीवर येसोबा नावाचा दरवान होता. त्याची मुलगी लवंगी. नाव तसाच स्वभाव. पाणवठ्यावर तिच्या वाटेला कोणी जात नसे. येसोबा पहाटे दरवाजा उघडला की शीळ घाली. रोज तीच चाल, आणि रोज एकाच जागी सूर घसरे. लवंगी हातातला केर तसाच टाकून बाहेर येई आणि कडाडे, "बाबा, मेल्या सुराला लाज वाटू द्या! शेजारच्या म्हशीने दूध चोरले!" येसोबा मिशीत हसे आणि मुद्दाम पुन्हा तिथेच घसरे. मग ती पुन्हा कडाडे. चुलीवरचे दूध उतू जाईपर्यंत हे चाले.

हंडा आला तेव्हा येसोबाने शीळ देऊन टाकली. लवंगी पाणी भरून परतली तोवर सारे आटोपले होते.

"का दिलीत?" ती ओरडली.

"हुकूम आहे, लवंगे," एवढेच तो बोलला.

त्यानंतर तो दरवाजा उघडी आणि ओट्यावर बसून राही. लवंगी भांडी आपटी, टोमणे मारी, नाही नाही ते बोले. तो ऐकून घेई, उलटून बोलत नसे. फाल्गुन आला तेव्हा त्याची सावली पायाखाली वहाणेएवढी उरली होती.

होळीच्या दिवशी सकाळी ओट्यावर एक साळुंकी आली. ती रोज शीळ ऐकायला येत असे. त्या राज्यात पक्षी बोलत, पण कामापुरतेच.

साळुंकी म्हणाली, "आज पुनवेचा चंद्र वर आला की तुझा बाप दगड होईल."

लवंगीने तिच्या अंगावर झाडू उगारला. "शुभ बोल! उपाय सांगायचा असेल तर सांग, नाहीतर चालती हो!"

"शाप तीन लाकडांवर उभा आहे. खजिन्याचा अडसर, जादूगाराचा पाट आणि राजाचा राजदंड. तिन्ही जळाली की शब्द सुटला."

"ती मी आणू कशी?"

"आज होळी आहे, आणि हे मला विचारतेस?" साळुंकी म्हणाली. "राजदंड मात्र चोरून चालणार नाही. तो राजाच्या हातूनच आगीत पडला पाहिजे."

लवंगीने पदर खोचला आणि निघाली.

खजिन्याच्या दाराशी दोन तोंडांचा भुजंग होता. एक तोंड निजे तेव्हा दुसरे जागे राही. लवंगी जाग्या तोंडासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय रे, पहारा तू करतोस आणि घोरतो हा? उंदीर आला की आधी कोण गिळतो?"

"तो," जागे तोंड म्हणाले. निजलेल्या तोंडाकडे वळून पुन्हा म्हणाले, "नेहमी तोच."

"आणि तू ऐकून घेतोस? तुझ्या जागी मी असते तर त्याच्या कानाशी जाऊन विचारले असते."

जागे तोंड निजलेल्या तोंडाला डसले. मग जे भांडण जुंपले त्यात वर्षानुवर्षांचे उंदीर निघाले. वेटोळे इकडून तिकडे आपटू लागले, आणि लवंगीने खैराचा अडसर खांद्यावर टाकला. दार उघडे पडले, पण विटा आत होत्या तशाच राहिल्या. शाप अजून उभा होता.

कालकंठ दरबाराबाहेरच्या अंगणात पाटावर बसला होता. घरोघरची फेरी संपल्यापासून तो पाटावरून उठत नसे. खायला-प्यायला तिथेच, झोपही तिथेच. लवंगी समोर गेली आणि म्हणाली, "जादूगारा, एक छंद घ्यायचा राहिला."

त्याचे डोळे चमकले. "कोणाचा?"

"माझा. पण तुझ्या हंड्यात मावेल असे वाटत नाही."

कालकंठाला राहवेना. तो हंडा घेऊन उठला आणि तिच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "घाल."

लवंगीने घातले. बापाच्या बंद झालेल्या शिळेपासून जी सुरुवात केली ती न्यायाधीशांच्या भिंतीला टेकवलेल्या दगडापर्यंत आणली. वाटेत कालकंठाचा हंडा, त्याची दाढी आणि त्याला जन्म देणारे नक्षत्र यांपैकी काही सोडले नाही. हंडा गरम झाला. मग लाल झाला. सोने काही पडेना. राग हंड्यात टिकत नसे, आणि तिला तो राग काढताना किती बरे वाटत होते हे कालकंठाला कळलेच नाही. हंडा त्याच्या हातून निसटून पायावर पडला. तो एका पायावर नाचू लागला आणि लवंगीने पाट उचलला.

"चोर! चोर!" कालकंठ किंचाळला.

अंगणात लोक जमले होते. नावाडी पुढे झाला. "होळीचे लाकूड आहे. तक्रार करायची नसते." असे म्हणताना त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला.

दिवस मावळला. चौकात होळी पेटली. रीतीप्रमाणे राजा राजदंड घेऊन समोर उभा राहिला, शेजारी राणी. लवंगीने अडसर टाकला, पाट टाकला. कालकंठ लंगडत आला, पण आगीतले मागता येईना. लवंगीने येसोबाला हाताला धरून आणले होते. त्याच्या सावलीचा बोटाएवढा तुकडा उरला होता आणि पूर्वेचे आकाश पिवळे झाले होते.

तिने आधी हात जोडले. "महाराज, राजदंड होळीला द्यावा. माझे वडील वाचतील."

"राजदंड उचलून शब्द दिला आहे. तो मागे घेता येणार नाही."

"माणसे दगड होत आहेत, महाराज."

"राज्याचे सोने वाढते आहे."

"महाराज, तिसऱ्यांदा मागते."

"तिसऱ्यांदा नाही म्हणतो."

तेव्हा लवंगीने उलटा हात तोंडावर मारला आणि अशी बोंब ठोकली की वेशीवरची कबुतरे उडाली.

"अरे वज्रधरा! मुडद्या! कोणाच्या बापाचे वाटले होते रे? माझ्या बापाची शीळ बेसूर होती, पण ती त्याची होती! कुंभारणीचे सागरगोटे काय तुझ्या सिंहासनाला रुतत होते? विटा रचून ठेवल्यास. आता त्यांच्यावर डोके ठेवून झोप! तुला घाम गाळणारी माणसे हवीत, आणि घाम पुसताना ती हसली की तुझ्या पोटात दुखते! आणि तुझी ही राणी! तिच्या अंबाड्याकडे शेवटचे कधी पाहिलेस? रिकामा आहे रे, मेल्या! तुझ्या हातचा तो वाकडा गजरा गेला तेव्हापासून तिने एक फूल माळलेले नाही. तुझ्या साऱ्या सोन्याचा एक गजरा करून दाखव!"

राजाचा चेहरा काळानिळा झाला. बाकी सारे त्याने उभ्याने ऐकले होते. पण राणी मान वळवून उभी होती, आणि तिच्या अंबाड्यावर खरेच काही नव्हते, आणि ते साऱ्या प्रजेसमोर कोणी बोलून दाखवले होते. त्याचे भान सुटले. "जीभ आवर!" म्हणून त्याने हातातला राजदंड लवंगीच्या अंगावर भिरकावला.

लवंगी खाली वाकली. राजदंड होळीत पडला.

"धरा! काढा तो!" कालकंठ ओरडला.

साऱ्या चौकाने एका आवाजात उत्तर दिले, "होळीत पडले ते होळीचे!"

राजदंड पेटला. खजिन्यातल्या विटा उकलल्या आणि उघड्या दारातून आपापल्या घरी निघाल्या. सागरगोटे कुंभारणीच्या ओच्यात येऊन पडले. न्यायाधीशांनी भिंतीपासून पाठ काढली आणि आपल्या गादीवर दुसरा माणूस पाहून अडकित्ता मागितला. पाट जळताच कालकंठाच्या पायाखालची माती त्याला थारा देईना. तो पळत सुटला, आणि लोक शिवेपर्यंत त्याच्यामागे बोंबा मारत गेले. राजा रिकाम्या हातांकडे पाहत राहिला. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारले, "मोगरा फुलला आहे का?" राणीने उत्तर दिले नाही. तिने दिले नाही हे उत्तमच केले, कारण शब्द देताना त्याने तिलाही विचारले नव्हते. राजा स्वतःच बागेत गेला आणि दिव्याच्या उजेडात कळ्या शोधू लागला.

पुढे नवा राजदंड घडवला नाही. दर होळीला राजाने अनवाणी उभे राहावे आणि पहिली बोंब लवंगीची ऐकावी, असे ठरले. राजाने कधी टाळले नाही, आणि लवंगीनेही कधी सवलत दिली नाही.

पण त्या रात्री चंद्र वर आला तेव्हा लवंगीने आधी जमिनीकडे पाहिले. येसोबाची सावली लांब, काळीभोर, थेट तिच्या पायांपर्यंत आली होती. तिचे डोळे भरून आले, म्हणून ती जोरात खेकसली, "उभे काय राहिलात? चला घरी!"

सकाळी येसोबाने वेस उघडली. साळुंकी ओट्यावर येऊन बसली. त्याने ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. चाल तीच होती, आणि नेहमीच्या जागी आल्यावर सूर घसरला.

लवंगी हातातला केर टाकून बाहेर आली, आणि चुलीवरचे दूध उतू जाईपर्यंत भांडत राहिली.