बुधीची टेकडी आणि तेरड्यातली परी

कोवळं कोवळं ऊन पडलं होतं, टेकडीवर गुलाबी तेरडा डुलत होता, आणि एवढ्या सगळ्या शोभेच्या मधोमध बिचारी बुधी रडकुंडीला आली होती. येईल नाही तर काय? टेकडीवरची झाडं गेली, तशी झऱ्याची धार भर श्रावणातही करंगळीएवढी उरली. म्हणून वाडीने मिळून तिथे जांभळाची, करंजाची, आवळ्याची इवली इवली रोपं लावली होती. ती जगली तर झरा जगणार, नाहीतर सगळ्यांना वाडी सोडून जावं लागणार. आणि नेमकी सगळी वाडी तापाने फणफणली. खुरपं धरायला उरली एकटी बुधी. तण मात्र मजेत होतं. रोपांचं पाणी पीत होतं, त्यांचं ऊन खात होतं, वर त्यांनाच दाबून बसलं होतं मेलं!

खुरपता खुरपता बुधी एका तेरड्यापाशी आली. बघते तर काय, फांदीला कोळ्याच्या धाग्याचा चिमुकला झोका!

"कुणाचं तरी घर दिसतंय, तण म्हणून कसं उपटू?" ती पुटपुटली. तिने ते झुडूप मातीसकट अलगद उचललं आणि पलीकडच्या बांधाला लावलं.

तोच झोक्यात चमचम झाली. अंगठ्याएवढी परी बसली होती. तिचे पंख मोरपिशी होते आणि झगा तेरड्याच्या पाकळीचा होता.

"माझं घर जपलंस गं सोने," परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण एक आहे हं, माझी जादू उन्हासारखी. जिथे पडते तिथे सगळ्यांवर पडते. आपला कोण, परका कोण, हे तिला कळत नाही."

"मग इथली रोपं भराभर वाढू दे," बुधीने मागूनसुद्धा टाकलं.

सर्रर्र! रोपं वीतभर वाढली. आणि तण? ते तर मुलखाचं खादाड. ते बुधीच्याही डोक्यावर गेलं आणि रोपं दिसेनाशी झाली. "मग तण मरू दे," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि पटकन त्यावर हात ठेवला. जादू सगळ्यांवर पडते, म्हणजे रोपंही मरतील की.

"अजून दोन इच्छा आहेत," परी हळूच म्हणाली.

बुधीला गोधडीत कण्हणारी आई आठवली. रोपं की आई? खरं सांगायचं तर तिला फार विचार करावा लागलाच नाही. ती धावत घरी गेली, तिने आईच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या आईचा ताप जाऊ दे."

आई उठून बसली. शेजारचा धर्मामामा उठला. ठमाआजीने पांघरूण झटकलं आणि विचारलं, "काय गं, चुली थंड का?" सगळ्या वाडीचा ताप पळाला होता!

"आई, तण माझ्यामुळे वाढलं," बुधीने रडत रडत सगळं सांगितलं.

"वाढू दे. आता हात किती आहेत बघ," आई म्हणाली, आणि तिने विळा घेतला.

सगळी वाडी टेकडीवर चढली. तण मुळासकट निघालं. प्रत्येक रोपाभोवती स्वच्छ गोल आळं झालं, आणि ओल टिकावी म्हणून कापलेलं गवत त्यातच अंथरलं. "जपून हं मामा, ते जांभूळ आहे," असं सांगत बुधी सगळीकडे नाचत होती.

ऊन सोनेरी झालं तेव्हा तिने शेवटची इच्छा मागितली. "आता वाढू दे."

आणि काय सांगू! तांबूस पालवी फुटली, खोडं जाडजूड झाली, फांद्या आभाळाला टेकल्या. या खेपेला 'रोपं' म्हणायचं राहूनच गेलं, आणि सगळी वाडी तिथेच उभी ना? धर्मामामाच्या मिशा कानापर्यंत गेल्या आणि बुधीचा परकर गुडघ्यावर आला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

तेवढ्यात खालून खळखळ ऐकू आली. झऱ्याची धार मांडीएवढी झाली होती. आईने बुधीला कडेवर उचललं, एवढी वाढली होती तरी. "आपण इथेच राहायचं गं," ती म्हणाली आणि रडली.

परी पानापानांतून वर वर गेली. शेंड्यावर लख्ख उजेड झाला आणि ती त्यात मिसळून गेली. खाली सगळी वाडी ओंजळी भरभरून पाणी पीत होती.